पुलाला सेन्सर लावला म्हणजे नक्की काय लावलं?

९ जुलै २०२५ ला सकाळी पाद्र्याजवळचा गंभीरा पूल तुटून महीसागर नदीत पडला, वीसहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हापासून आमच्या बडोद्यात कुठल्याही पुलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतंच. परवा कीर्तीस्तंभाजवळ सेव-उसळ खाताना शेजारचे भाई म्हणालेच, "अरे बधा ब्रिज पर सेन्सर लगावी दो ने, पती गयुं!" (सगळ्या पुलांवर सेन्सर लावून टाका, पतलं, म्हणजे संपलं!) आता मी कलाभवनला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिल केलेलं, त्यामुळे गप्प बसवत नाही, पण हातात पावाची प्लेट धरून हे समजावणं काही जमण्यातलं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मुद्दा एवढाच की तसं पतत नाही. पूल चांगला आहे की वाईट हे सेन्सर सांगत नाही. तो एक आकडा देतो. त्या आकड्याला अर्थ येतो तो "ह्या पुलाने ह्या वेळेला, एवढ्या उन्हात, एवढ्या वजनाखाली कसं वागायला पाहिजे होतं" हे आपल्याला आधीच माहीत असेल तर, आणि ते माहीत करून घेणं हे सेन्सर लावण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

आधी सेन्सर मोजतो काय ते बघू. पुलावरून ट्रक गेला की खालचा गर्डर (आडवी तुळई) थोडासा वाकतो, आणि वाकला की त्याची खालची बाजू किंचित लांब होते. एक मीटरचा तुकडा एक मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने लांबला की त्याला एक मायक्रोस्ट्रेन म्हणायचं. भरलेला ट्रक गेला तर चांगल्या पुलावर दोन आकडी मायक्रोस्ट्रेन दिसतात, आणि काँक्रीट साधारण १०० ते १५० मायक्रोस्ट्रेन ताणलं गेलं की त्याला तडा जायला सुरुवात होते. म्हणजे सगळा खेळ ह्या एवढ्याशा जागेत चाललेला असतो.

हे मोजायची जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे स्ट्रेन गेज. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज ह्या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता ही बनवली. प्लॅस्टिकची पातळ टिकली, तिच्यात नागमोडी बारीक तार. तार ताणली की लांब होते, बारीक होते, तिचा रेझिस्टन्स वाढतो. १२० ओहमची गेज असेल तर एका मायक्रोस्ट्रेनला फरक पडतो ०.०००२४ ओहमचा, जो साध्या मल्टिमीटरवर दिसायचा प्रश्नच नाही, त्यासाठी बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी कंटाळत केलेला तो व्हीटस्टन ब्रिज, म्हणजे रेझिस्टन्समधला बारीक फरक पकडणारं सर्किट, लागतो. पण खरी कला सर्किटमध्ये नाही, चिकटवण्यात आहे. लोखंडावरचा रंग खरवडायचा, एमरी पेपरने घासायचं, सॉल्व्हंट लावलेला बोळा एकाच दिशेने फिरवायचा आणि प्रत्येक वेळी नवा घ्यायचा, मग सुपरग्लूच्या जातीचा गोंद लावून गेज बसवायची आणि अंगठ्याने दाबून धरायची. खाली हवेचा एक बुडबुडा राहिला की गेज आयुष्यभर खोटं बोलणार, आणि खोटं बोलतेय हे कळणार पण नाही कारण आकडा तर येतच असतो! वर वॉटरप्रूफिंग नीट केलं नाही तर पहिल्या पावसाळ्यातच कारभार आटोपला.

म्हणून आता मोठ्या पुलांवर फायबर वापरतात. घरी इंटरनेट येतं तीच काच, जाडी १२५ मायक्रॉन. तिच्या आत लेझरने एकसारख्या अंतरावर बारीक खुणा केलेल्या असतात, त्याला ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. एका टोकाने प्रकाश सोडला की ह्या खुणा त्यातला एकच रंग मागे पाठवतात, बाकीचा पुढे जाऊ देतात. काच ताणली गेली की खुणांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारा रंग सरकतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात एका मायक्रोस्ट्रेनला साधारण १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). फायदा असा की एकाच काचेवर ठिकठिकाणी वेगवेगळ्या रंगांच्या खुणा टाकता येतात, त्यामुळे एका वायरीत डझनभर ठिकाणं मोजून होतात, काच गंजत नाही, आणि वीज तिच्यातून जात नसल्यामुळे रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारांखालच्या पुलावर पण आकडे स्वच्छ येतात. मला व्यक्तिशः ही गेल्या काही दशकांतली ह्या धंद्यातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. फक्त एक भानगड आहे. तापमान एका डिग्रीने वाढलं तरी तो रंग साधारण १० पिकोमीटर सरकतो, म्हणजे आठेक मायक्रोस्ट्रेन ताण पडला असता तर जेवढा सरकला असता तेवढा, आणि काचेला स्वतःला कळत नाही की हे उन्हामुळे झालं की ट्रकमुळे. शेजारी एक मोकळी काच, जिला काही ताण पडत नाही अशी ठेवून फरक काढायला लागतो.

आणि ऊन ही आपल्याकडची मुख्य गोष्ट आहे. पुलाला सगळ्यात जास्त हलवतं ते ट्रॅफिक, असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी ४२-४३, जानेवारीच्या पहाटे १२-१३, म्हणजे ३० डिग्रीचा फरक धरा. लोखंड आणि काँक्रीट दोन्ही एका डिग्रीला मीटरमागे १२ मायक्रॉनच्या आसपास वाढतात (दोघांचं प्रसरण जवळजवळ सारखं आहे म्हणूनच आरसीसी नावाची गोष्ट टिकते, नाहीतर आतल्या सळ्यांनी कधीच काँक्रीट फोडलं असतं). ३० मीटरच्या स्पॅनला, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराला, हिशेब केला तर जवळजवळ ११ मिलिमीटर. पूल वर्षभरात बोटभर रुंदीने लहानमोठा होतो, आणि ते त्याला करू द्यायलाच पाहिजे, त्यासाठीच तर एक्स्पान्शन जॉइंट (मुद्दाम ठेवलेली फट) आणि बेअरिंग (पूल ज्यावर टेकतो आणि सरकू शकतो तो आधार) असतात. वरचा डांबरी भाग तापलेला आणि खालचा गर्डर सावलीत थंड, असं झालं की पूल मध्ये वर फुगतो ते वेगळंच. मग तुम्ही सांगा, दिवसाच्या आकड्यात १५० मायक्रोस्ट्रेनचा चढउतार उन्हाने केलेला असताना त्यात एका तड्यामुळे आलेले ५ मायक्रोस्ट्रेन कसे शोधणार? संशोधनातले किती तरी पेपर ह्या एकाच प्रश्नावर निघालेत.

दुसरा रस्ता कंपनाचा. विश्वामित्रीच्या पुलावर, कमाटीबागेच्या बाजूला, फुटपाथवर उभं राहा आणि बस जाऊ द्या, पायाला थरथर लागते. घाबरायचं काही नाही, प्रत्येक पूल थरथरतो, आणि प्रत्येकाची थरथरायची आपली एक ठरलेली गती असते. ती गती पुलाच्या ताठपणावर आणि वजनावर ठरते. ढोबळ नियम असा की १०० ला स्पॅनच्या मीटरांनी भागा, जे येईल त्याच्या आसपास हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा थरथर), म्हणजे ३० मीटरच्या पुलाला तीन-चार. फोनमध्ये थरथर मोजणारा अॅक्सेलरोमीटर असतोच, फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फुकट अॅप आहे, त्यात स्पेक्ट्रम (कुठल्या गतीची थरथर किती, हे दाखवणारा आलेख) लावा, फोन कठड्याच्या पायाशी सपाट ठेवा, दोन-तीन बस गेल्या की स्क्रीनवर एक शेंडा वर आलेला दिसतो. पुलाचा शेंडा तोच. (फोनवर लक्ष ठेवा, आणि गर्दीच्या वेळी हा उद्योग करू नका, पोलीस विचारतात.) पूल कमजोर झाला म्हणजे ताठपणा गेला, ताठपणा गेला की गती मंदावणार. ताठपणा १० टक्के कमी झाला तर गती साधारण ५ टक्के.

कल्पना सुंदर आहे, आणि ती खरंच चालते का हे बघायला स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी एक आख्खा पूल मिळवला. झेड-२४ नाव त्याचं, बर्न ते झुरिकच्या हायवेवरचा, तो तसाही पाडायचाच होता. १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं आणि हवामान सतत मोजत बसले, आणि मग शेवटी मुद्दाम एकेक करून नुकसान करायला घेतलं, एक खांब काही सेंटिमीटर खाली उतरवला, पुलाच्या आतल्या ताणलेल्या केबल कापल्या, असं सगळं. आणि निघालं काय, तर थंडीत डांबर गोठून कडक झालं की पुलाची गती १० टक्क्यांहून जास्त वाढायची, आणि खांब खाली उतरवल्यावर जेवढी कमी झाली ती त्याहून कमीच होती! म्हणजे कोणी नुसता शेंडा बघून बसला असता तर त्याला वाटलं असतं थंडीत पूल तब्येतीने सुधारतो. ह्या एका प्रयोगाचा डेटा आज पण जगभरचे रिसर्चवाले वापरतात, आणि त्यातून जे शहाणपण आलं ते असं की किमान एक वर्ष तरी, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळं बघितल्याशिवाय आकड्याबद्दल तोंड उघडू नका.

आता गंभीराकडे येऊ. हा पूल १९८५ चा. सरकारच्या प्राथमिक अहवालात कारण आलं ते पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडल्याचं. पेपरात हे शब्द तसेच छापून आले, म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही. आर्टिक्युलेशन म्हणजे असं की खांबाच्या दोन्ही बाजूंना पुलाचे हात बाहेर काढलेले असतात, आणि दोन खांबांच्या हातांच्या टोकांवर मधला तुकडा नुसता ठेवलेला असतो. टेकायच्या जागी हाताची जाडी अर्धी केलेली, मधल्या तुकड्याची पण अर्धी, एक खालून एक वरून, मध्ये बेअरिंग आणि त्याच्या खाली काँक्रीटचा छोटा चौथरा, तेच पेडेस्टल. म्हणजे जिथे सगळं वजन एका टोकावरून दुसऱ्यावर जातं तिथेच जाडी सगळ्यात कमी. शिवाय वरती एक्स्पान्शन जॉइंट असतो, त्याच्या फटीतून पावसाचं पाणी, धूळ, सगळं थेट त्या सांध्यात उतरतं, आणि ती जागा इतकी चिंचोळी की माणसाला आत डोकावता येत नाही, ब्रशने रंग लावता येत नाही, बेअरिंग बदलायचं तर आख्खा तुकडा जॅकने उचलायला लागतो. पहिला तडा जातो तो आतल्या कोपऱ्यातून, तिरपा, आणि तो बाहेरून दिसेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

इथे कंपनाचा सेन्सर काय करणार? आपल्या घरातला हिंचका घ्या. छताच्या हुकात अडकवलेली कडी वर्षानुवर्षं घासून अर्धी झाली तरी हिंचक्याच्या झोक्याची लय बदलत नाही, ती तशीच राहते, जोपर्यंत कडी आहे तोपर्यंत. सांध्याचं पण तसंच आहे. एका कोपऱ्यातलं काँक्रीट चिरडत चाललंय म्हणून ३० मीटरच्या तुकड्याची गती मोजण्याइतकी बदलेल असं नाही. म्हणून पुलाच्या मधोमध दिमाखात बसवलेला सेन्सर गप्प बसू शकतो, आणि तो खोटं पण बोलत नसतो, त्याला त्या सांध्याबद्दल कोणी विचारलेलंच नसतं. तिथे पाहिजे कल मोजणारा टिल्ट मीटर, नाहीतर सांध्याच्या दोन बाजूंमधलं वरखाली अंतर मोजणारी साधी पट्टी, किंवा अकूस्टिक एमिशन, म्हणजे काँक्रीट आतून चिरत असताना जो कानाला न ऐकू येणारा आवाज होतो तो पकडणारे पिझो क्रिस्टल. मांडवीसारख्या जुन्या दगड-विटांच्या इमारतींवर तर त्याहून साधं करतात, तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची आणि तारीख लिहायची. पट्टी तुटली म्हणजे तडा जिवंत आहे.

मग कुठे काय लावायचं हे ठरवणार कोण? तर मॉडेल. कॉम्प्युटरमध्ये पूल हजारो छोट्या तुकड्यांत कापून प्रत्येकाचं गणित सोडवायचं, ह्याला फायनाइट एलिमेंट म्हणतात, नाव १९६० मध्ये क्लफ नावाच्या अमेरिकन प्रोफेसरने दिलं. मॉडेल सांगतं ट्रक इथे असताना ह्या जागी किती मायक्रोस्ट्रेन यायला पाहिजेत, सेन्सर सांगतो किती आले, आणि दोघं जुळेपर्यंत मॉडेलमधले आकडे, काँक्रीटचा ताठपणा, बेअरिंग किती जाम झालंय, वगैरे हलवत राहायचं. एकदा जुळलं की त्यानंतर सेन्सर काही वेगळं बोलायला लागला तर त्याकडे लक्ष द्यायला कारण असतं. ह्यात फसवाफसवी अशी की जुळवायच्या वाटा एकाहून जास्त असतात. काँक्रीट कमजोर धरून पण आकडा जुळतो आणि बेअरिंग सैल धरून पण जुळतो, आणि स्क्रीनवरचे लाल-निळे रंग दोन्ही वेळेला तेवढेच छान दिसतात. मला त्या रंगीत चित्रांची थोडी भीतीच वाटते खरं तर, कारण मीटिंगमध्ये ते दाखवलं की प्रश्न विचारणं बंद होतं.

अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला पडला, १३ माणसं गेली. तिथे लोखंडी सांगाड्याचे दांडे जोडणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, गसेट प्लेट, त्या मूळ डिझाइनमध्येच अर्धा इंच होत्या, पाहिजे होत्या त्याच्या अर्ध्या. नंतरच्या वर्षांत पुलाची ताकद तपासायचे हिशेब झाले, पण ते दांड्यांचे झाले, प्लेटा कोणी हिशेबात घेतल्याच नाहीत कारण प्लेट दांड्याहून मजबूत असणारच असं धरलेलं. २००३ च्या फोटोंमध्ये त्या प्लेटा वाकलेल्या दिसतात. मॉडेलमध्ये जे टाकलं नाही ते मॉडेल सांगत नाही, त्याच्यावर कितीही सेन्सर लावा. त्याच जागी २००८ मध्ये नवा पूल झाला, त्यात बांधतानाच तीनशेहून जास्त सेन्सर घातलेत, आणि हे मात्र योग्य, कारण पहिल्या दिवसापासूनचा रेकॉर्ड आहे.

नव्या मटेरियलबद्दल पण लोक खूप विचारतात, ते थोडक्यात. काँक्रीटमधली सळई गंजत नाही कारण ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, त्या अल्कलीपणात लोखंडावर एक संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून पीएच ९ च्या खाली आणतो, थर जातो, गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुगून पडतं. काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडलं तर चांगला भाग गुलाबी होतो आणि संपलेला पांढराच राहतो, दहा मिनिटांचं काम, कुठल्याही पुलावर करता येतं, आणि मला विचाराल तर सेन्सरच्या आधी हे करा. हॉलंडमध्ये डेल्फ्ट विद्यापीठाच्या योंकर्स नावाच्या संशोधकाने काँक्रीटमध्ये झोपलेले जिवाणू घालून ठेवायची युक्ती काढली, तडा गेला, पाणी आत आलं की ते जागे होतात, बरोबर दिलेलं कॅल्शियम लॅक्टेट खातात आणि चुनखडी तयार करून ०.८ मिलिमीटरपर्यंतचा तडा बुजवतात. भारी आहे, पण आधीच गंजलेली सळई त्याने परत येत नाही. जुन्या पुलांना कार्बन फायबरचं कापड इपॉक्सी गोंदाने गुंडाळतात, वजन लोखंडाच्या चौथा भाग आणि ताकद सळईच्या सात-आठ पट, फक्त साधा इपॉक्सी ६०-७० डिग्रीच्या पुढे मऊ पडायला लागतो हे आपल्या उन्हात विसरायचं नाही, आणि एकदा गुंडाळलं की खालचा तडा दिसायचा पण बंद होतो. सिमेंटमध्येच कार्बनचे बारीक धागे मिसळले तर काँक्रीट दाबलं जाताना त्याचा विजेचा रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे काँक्रीट स्वतःच सेन्सर. हे १९९० च्या दशकापासून लॅबमध्ये चालू आहे, ओलावा बदलला की हे पण गोंधळतं.

आणि सगळ्यात जुनी, कंटाळवाणी, खात्रीची पद्धत म्हणजे लोड टेस्ट. रेतीचे भरलेले डंपर पुलावर ठरलेल्या जागी उभे करायचे, खाली डायल गेज (काट्याचं मोजमाप) लावून किती वाकला ते मोजायचं, २४ तास तसंच ठेवायचं, मग काढून पुढचे २४ तास बघायचं की पूल किती परत वर आला. आरसीसी पुलाने निदान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्डने (आतल्या केबल ताणून ठेवलेल्या पुलाने) ८५ टक्के परत यायला पाहिजे. ह्यात पूल बंद ठेवायला लागतो, म्हणून लोक शिव्या घालतात, म्हणून ती टाळली जाते.

राहिला प्रश्न आकडा वाईट आला तर करायचं काय. कॅनडात लावालचा द ला काँकॉर्ड पूल ३० सप्टेंबर २००६ ला पडला, पाच माणसं गेली, सांधा ह्याच जातीचा, अर्ध्या जाडीचा. पडायच्या साधारण तासभर आधी काँक्रीटचे तुकडे खाली रस्त्यावर पडल्याचे फोन आले होते, रस्ते खात्याचा गस्तीचा माणूस येऊन बघून गेला, तुकडे बाजूला केले, नंतर तपासणी करायची असं ठरलं, पूल चालू राहिला. तिथे सेन्सरची गरजच नव्हती, पुलाने स्वतःच सांगितलं होतं. म्हणून आता एखाद्या पुलावर सेन्सर बसवायचं टेंडर निघालं तर आमच्या त्या सेव-उसळवाल्या भाईंनी नगरसेवकाला एवढंच विचारावं की सांध्यात लावताय की मधोमध, पहिलं वर्ष नुसतं मोजायला ठेवलंय का, आकडे रोज बघायला माणूस कोण आहे, आणि रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर कोणाला न विचारता पूल बंद करायचा अधिकार त्याला लेखी दिलाय का.